फक्कीचं स्वयंपाकघर

देवगाव रंगारी,
मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १८६२

चि. बद्रीनाथास आजीचा आशीर्वाद.

रामकिसन मास्तर 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहिणार होते. मी म्हणलं, एकच लिवा. सहा-सहा महिने तोंड न दाखवणाऱ्याला अनेक कशाला? उरलेले माझ्यापाशी आहेत, येऊन घेऊन जा.

तू सदर झालास हे कळलं. मास्तरांनी तुझ्या मंडळीचं नाव तीनदा वाचलं, अंजुमन-ए-मेमारान. घरांचे नकाशे काढणारे आन् घरं बांधून देणारे औरंगाबादचे चौदा जण एकत्र आले, त्यांचा तू म्होरक्या, असं मला समजलं. मग मी विचारलं, हे बसतात कुठं? मास्तर म्हणाले, कापडदुकानाच्या माडीवर, भाड्यानं. चौदा जण दुसऱ्यांना घरं बांधून देणार आन् स्वतः दुकानदाराच्या माडीवर बसणार! तुझा आजा सुतार. जन्मभर लोकांना पलंग करून दिले आन् स्वतः घोंगडीवर निजला. घराण्याची चाल तू मोडली नाहीस, हे बघून बरं वाटलं.

आता कामाचं. माझ्या चुलीमागची भिंत ह्या पावसाळ्यात फुगली. नूरमोहम्मद गवंड्यानं हात लावून बघितली आन् म्हणाला, भाबी, हिच्यावर विश्वास ठेवू नका, नवीन स्वयंपाकघरच काढू. मी म्हणलं, काढू, पण माझा नातू मुंबईला शिकून आलाय, आता सदर आहे. त्याच्या कागदाशिवाय वीट ठेवली तर गाव नावं ठेवील. तर कागद धाड. लई मोठं नको. चूल, पाण्याची घागर आन् मी, एवढं मावलं की झालं.

नूरमोहम्मद इथंच ओट्यावर बसलाय. तू सदर झाल्याचा त्याला माझ्याहून जास्त आनंद. तुझ्या आज्याच्या चौकटी आन् त्याच्या भिंती, चाळीस वर्षं बरोबर उभ्या राहिल्या. तुला ओळंबा धरायला त्यानंच शिकवलं, हे तो आज दिवसभरात पाच जणांना सांगून आला. त्याचा निरोप त्याच्याच तोंडचा लिहिते: "बद्रीला लिवा भाबी, तुमची अंजुमन सनदा देणार म्हणतात. पहिली सनद नूरमोहम्मदची. तख्ती करून दारावर ठोकतो." अर्धं वर्ष त्याचं काम शहरातच असतं, हे तुला ठावं आहे. आता गारखेड्याला एक घर धरलंय.

कागद लवकर धाड. भिंत माझी वाट बघणार नाय.

आवडाबाई
(खाली अंगठा माझाच आहे, मास्तरांचा नाय.)

---

औरंगाबाद,
ता. ८ बहमन १३५० फसली

ती. आजीस बद्रीनाथचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून दोन दिवस हसत होतो. सोबत स्वयंपाकघराचा नकाशा पाठवतो आहे. निळा कागद आहे, त्यावरच्या पांढऱ्या रेघा म्हणजे भिंती. मुंबईत आता उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा करतात, तसा काढला आहे. कंबर वाकवायला नको, धूर डोळ्यांत जायला नको. ओट्यावर मोठी खिडकी दिली आहे, वर छताजवळ धुरासाठी भोक.

सनदेबद्दल मात्र तुला स्पष्ट लिहायला हवं. मागच्या पावसाळ्यात इथं एका दुमजली घराची भिंत पडली. दोन बायका दगावल्या. ती कुणी बांधली, कुणाच्या सांगण्यावरून माडी चढवली, हे शेवटपर्यंत कळलं नाही. कागद नाही, सही नाही. बांधणारा जो कुणी होता, तो दुसऱ्या दिवशी गाव सोडून पळाला असं म्हणतात. त्याच आठवड्यात मी अंजुमनसाठी घरोघर फिरलो. लोकांनी मला सदर केलं ते एका नियमाच्या भरवशावर: ज्याला कागदावर नकाशा काढता येत नाही आणि त्यावर सही करता येत नाही, त्याला सनद नाही. सनद नाही, त्याला शहराच्या हद्दीत काम नाही. बलदियानं, म्हणजे शहराच्या कचेरीनं, हे मान्य केलं आहे. पुढच्या महिन्यात नियम पक्का होईल.

म्हणजे नूरचाचांना सनद देता येणार नाही. त्यांचा हात सोन्याचा आहे, हे मी जाणतो. पण त्यांचा काळ वेगळा होता. त्यांनी आता गावातली कामं करावीत. शहर त्यांच्या आवाक्यातलं राहिलेलं नाही.

हे तूर्त त्यांना सांगू नकोस. फक्त तुझ्यापाशी ठेव. मी सवडीनं येऊन स्वतः सांगेन.

तुझा
बद्रीनाथ

---

देवगाव रंगारी,
मार्गशीर्ष वद्य ४

चि. बद्रीनाथास आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मास्तरांनी खणखणीत वाचलं. त्यांचा आवाज चांगला आहे, वेशीपर्यंत जातो. एक शब्द गिळला नाय.

निळा कागदही मिळाला. शेजारची सरूबाई म्हणाली, लुगड्याला हा रंग चांगला दिसंल.

नूरमोहम्मदनं आज चहा घेतला नाय. मी म्हणलं, गूळ कमी पडला का? म्हणाला, नाय भाबी, पोट भरलंय.

तू फक्त माझ्यापाशी ठेव म्हणालास, ते मी कुणाला सांगितलं नाय. सांगायची पाळीच आली नाय.

आवडाबाई

---

औरंगाबाद,
ता. २० बहमन १३५०

ती. आजीस नमस्कार.

गोष्ट तुझ्यापाशी ठेवलीस, फार बरं केलंस. माझा जीव हलका झाला. चाचांची तब्येत बरी नाही का? थंडीत त्यांनी चहा सोडू नये, असं माझ्या नावानं सांग.

इकडे कामाची धांदल आहे. आमचे मोतमद, म्हणजे चिटणीस, गयाससाहेब. सरकारी बांधकामांवर तीस वर्षं देखरेख केलेला माणूस, स्वभावानं कडक. त्यांनी नियमांचा मसुदा छापूनसुद्धा आणला. सभा पुढच्या महिन्यात, २० इस्फंदारला ठरली. कापडदुकानाच्या माडीबद्दल तू जे लिहिलंस ते मी सभासदांना वाचून दाखवलं. सगळे हसले. गयाससाहेब हसले नाहीत. त्यांनीच ती माडी ठरवली आहे.

स्वयंपाकघराचं काम कुठवर आलं? खिडकी आवडली का?

तुझा
बद्रीनाथ

---

देवगाव रंगारी,
पौष शुद्ध २

रा. रा. बद्रीनाथजी यांस रामकिसन मास्तरचा नमस्कार वि. वि.

हे पत्र मी आजीबाईंना न विचारता लिहीत आहे. आपल्या मागच्या पत्रात 'गोष्ट तुझ्यापाशी ठेवलीस, फार बरं केलंस' हे वाचताना माझी जीभ अडली. आजीबाई म्हणाल्या, "वाचा मास्तर, आता का अडता? तेव्हा नाय अडलात."

त्यांना अक्षरओळख नाही हे आपण जाणताच. आपलं पत्र आलं की त्या मला बोलावतात आणि मी ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतो. ऐकायला शेजार जमतो. तसा रिवाजच आहे. आपलं सनदेचं पत्र आलं त्या दिवशी सरूबाई होत्या, आणखी चार जण होते, आणि पहिल्या सनदेचं काय झालं ते ऐकायला नूरमोहम्मद मुद्दाम काम टाकून आले होते.

माझी वाचण्याची रीत अशी, की पुढची ओळ डोळ्यांना दिसते तेव्हा मागची तोंडातून गेलेली असते. 'आवाक्यातलं राहिलेलं नाही' इथं आलो तेव्हा मला कळलं. मी थांबलो. नूरमोहम्मद ओळंब्याची दोरी बोटाला गुंडाळत होते. ती सोडून त्यांनी पुन्हा गुंडाळली आणि म्हणाले, "वाचा मास्तर. पोरानं तळापर्यंत लिवलंय, तळापर्यंत ऐकावं." मग मी 'हे त्यांना सांगू नकोस' हेही त्यांनाच वाचून दाखवलं.

आपण लिहिलं ते चूक की बरोबर, हा माझा प्रांत नव्हे. पण तेव्हापासून ते ओट्याकडे फिरकलेले नाहीत. आजीबाई म्हणतात, तू मोठ्या माडीवरून बोललास, खाली कोण उभं आहे ते बघितलं नाहीस.

कळावे,
रामकिसन

---

औरंगाबाद,
ता. ३० बहमन १३५०

ती. आजीस नमस्कार.

मास्तर, हे पत्र ओट्यावरच वाचा आणि मोठ्यानं वाचा. नूरचाचा आले नसतील तर त्यांच्या दारात जाऊन वाचा.

चाचा, माझं चुकलं. आजीला पत्र लिहिलं म्हणजे गावाला लिहिलं, हे लहानपणापासून मला ठाऊक आहे. शहरात बंद पाकिटांची सवय झाली आणि विसरलो. पण चूक तेवढीच नाही. शहर तुमच्या आवाक्यातलं नाही, हे मी लिहायला नको होतं. ते खरं नाही. ते लिहिलं की माझा नियम मला बरोबर वाटत होता, म्हणून लिहिलं.

तरी नियम मी असाच मागे घेऊ शकत नाही. त्या पडलेल्या भिंतीखालून दोघींना काढताना मी तिथं होतो. बांधणारा कोण, असं त्यांचे घरचे विचारत होते आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. तुमच्यासाठी दार उघडलं तर त्याच दारातून तो पळालेला माणूसही येईल. त्याला कसा अडवू?

कागदाऐवजी दुसरं काय मागावं, ते मला सांगा. टोमणा म्हणून नव्हे, खरंच विचारतो आहे. सभेला वीस दिवस आहेत. सभेत मत बरोबरीत आलं तर निर्णय माझ्या मतावर होईल.

बद्रीनाथ

---

देवगाव रंगारी,
पौष शुद्ध ११

चि. बद्रीनाथास आशीर्वाद, ह्या खेपेला दोन.

मास्तर नूरमोहम्मदच्या दारात जाऊन वाचून आले. तो आत होता. वाचून झाल्यावर आतून म्हणाला, "ऐकलं." एवढंच. मास्तर पाणीसुद्धा न पिता परत आले. त्यांना आपल्याच घशाचं वैर झालंय सध्या.

तिसऱ्या दिवशी तो आला. खांद्यावर चुन्याच्या फक्कीचं पोतं, काखेत चार काठ्या, हातात गाठी मारलेली दोरी. म्हणाला, "मास्तर, तो निळा कागद आणा आन् आकडे वाचा." घरामागं जिथं नवीन खोली काढायची तिथं तो उभा राहिला. मास्तर आकडा वाचत गेले, तो दोरी ताणून फक्की टाकत गेला. तासाभरात तुझा कागद जमिनीवर निजला, जेवढ्यास तेवढा. भिंती, दार, सगळं. ओट्याच्या जागी विटा रचल्या. खिडकीच्या जागी दोन काठ्या रोवून तुझ्या आकड्याएवढ्या उंचीवर दोरी बांधली, दोरीखाली भिंत समजायची.

"भाबी, आत या," म्हणाला.

मी निघाले तर ओरडला, "भिंतीतून नका येऊ! दार तिकडं आहे." ह्या वयात भुतासारखी भिंतीतून गेले बघ. परत फिरून दारातून आले.

तुझा ओटा माझ्या छातीला लागला. उभ्यानं भाकरी थापायची म्हणतोस. बाबा रे, माझे गुडघे मला देवापुढं उभं राहू देत नायत, तव्यापुढं काय देतील? मी म्हणलं, विटा काढा, चूल खालीच राहणार. विटा काढल्या, मी बसले. मग नूरमोहम्मद काठीच्या पलीकडं गेला आन् विचारलं, "काय दिसतं खिडकीतून?"

"आभाळ."

"रस्ता?"

"नाय."

"मोटार?"

"नाय रे बाबा. आभाळातून मोटार जाते का?"

आता तुला एक सांगते, जे आजवर सांगितलं नाय. माझ्या जुन्या चुलीजवळ भिंतीत एक झरोका आहे, बसलं की डोळ्यांशी येतो. त्यातून मोटार थांबते ती जागा दिसते. तू उतरलास की मी तव्यावर भाकरी टाकते. तू पाय धुऊन येतोस तवर ती फुगलेली असते. तुला वाटत असंल, आजीला स्वप्न पडतं. तुझ्या मोठ्या खिडकीतून मला फक्त आभाळ मिळणार, आन् ते मी अंगणात जाऊन बघते.

मग शेजारणी आल्या. सरूबाई दारातून आत आली आन् म्हणाली, हे दार उघडलं की घागरीवर आपटणार. साळूबाई म्हणाली, लाकडं कुठं ठेवायची? जी आली ती बसून बघू लागली. नूरमोहम्मद पायानं फक्की पुसायचा आन् नवीन टाकायचा. दुपारपर्यंत स्वयंपाकघर चारदा बदललं, कुदळ एकदाही लागली नाय.

तू विचारलंस, कागदाऐवजी काय. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कागद असू द्या की. मी कुठं नको म्हणतो? पण कागदाच्या आधी हे करावं. ज्याला हे येत नाय तो अडतो. त्याला पळायला तोंड राहत नाय, सगळ्यांनी बघितलेलं असतं."

आन् बांधणारा कोण, ते कसं कळायचं म्हणतोस? देवगावात जा आन् कुठलाही उंबरा उचलून बघ. नूरमोहम्मद उंबरा बसवायच्या आधी खालच्या ओल्या चुन्यात उजवा पंजा उठवतो. भिंत पडली तर उंबरा उचला आन् मला धरा, असं घरधन्याला सांगून ठेवतो. तुझ्या अंजुमनला सहीच पायजे असंल तर तुझ्या नियमानं तुझी आजीही आजी ठरत नाय. मी पण अंगठाच उठवते.

मी त्याला म्हणलं, सभेला जा, हेच तिथं करून दाखव. तर उसळला. "ज्याला ओळंबा धरायला शिकवला त्याच्यापुढं परीक्षा द्यायला जाऊ? नाय भाबी."

मी म्हणलं, परीक्षा कोण म्हणतंय? हा कागद माझ्या स्वयंपाकघराला बसत नाय. ज्यानं काढला त्याला परत करून ये. आन् का बसत नाय ते दाखवून ये, नायतर म्हणंल म्हातारीला कळत नाय.

त्यानं मग कागदाची घडी केली आन् टोपीत ठेवली.

तर तो येतोय. तुझ्या मताचं काय करायचं ते तुझं तू बघ. मी फक्त कागद परत पाठवतेय.

आवडाबाई

---

औरंगाबाद,
ता. २२ इस्फंदार १३५०

ती. आजीस नमस्कार. नूरचाचा तुझ्याकडे पोचले असतीलच. तरी माझ्या बाजूनं जे झालं ते लिहितो.

सभा सुरू होऊन अर्धा तास झाला होता. एक सभासद आजारी, माझ्याशिवाय बारा हजर. चाचा माडी चढून आले आणि सगळ्यांदेखत निळा कागद माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "सदरसाब, हे तुमचं घ्या. बाईनं परत केलंय." त्यांनी मला आजवर 'बद्री'शिवाय दुसरी हाक मारलेली नाही.

गयाससाहेबांनी विचारलं, कोण आहेत हे? मी म्हणालो, हे माझे उस्ताद. आणि मसुदा पक्का करण्याआधी यांचं काम बघावं, अशी मी विनंती केली. गयाससाहेब म्हणाले, "सदरसाहेब, नियम तुमचाच आहे. दोरी ओढणं म्हणजे नक्शा नव्हे, हे तुमचेच शब्द आहेत." होते खरे. पण बघायला हरकत नाही, असं बाकीच्यांनी म्हटल्यावर आम्ही दुकानामागच्या मोकळ्या जागेत उतरलो.

चाचांनी माझाच नकाशा जमिनीवर उतरवला. तू लिहिलंस तसाच, चूक न सुधारता. गयाससाहेबांनी खिशातला पितळी गुण्या काढून चारही कोपरे तपासले. एकही हललेला नव्हता. त्यांनी गुण्या परत खिशात ठेवला. मग चाचा म्हणाले, "गयाससाब, इथं चूल. बैठो."

गयाससाहेब शेरवानीसकट मातीत बसले.

"क्या दिखता खिडकी में से?"

"आसमान."

"मोटार से कौन उतऱ्या?"

"अरे मियाँ, इथून मला काय दिसणार!"

"तो रोटी किसके वास्ते डालते?"

सगळे हसले. गयाससाहेबही हसले, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "ये नक्शा है किसका?" चाचांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "एक पढेलिखे आदमी का."

तिथं गप्प बसता आलं असतं. मी म्हणालो, माझा आहे. आजीला विचारल्याशिवाय काढला. नकाशा न येणाऱ्याला सनद नाही, हा नियम आज लागू करायचा तर सगळ्यांत आधी माझी सनद अडवा.

मत झालं. सहा विरुद्ध सहा. माझं मत चाचांच्या बाजूनं पडलं. आता नियम असा आहे: नकाशा कागदावर काढावा किंवा दोन सभासदांसमोर जमिनीवर उतरवावा, सहीच्या जागी अंगठा चालेल, त्याची नोंद राहील, आणि कागदवाल्यांनीही बांधायला घेण्याआधी घरच्या बायकांना फक्कीच्या रेघांतून फिरवून आणावं. शेवटचं कलम गयाससाहेबांनी स्वतः घातलं. त्याच दिवशी आणखी दोन मिस्त्री आले होते. एकाला सनद मिळाली. दुसऱ्याचा कोपरा दोनदा जुळला नाही, त्याला परत पाठवलं. तो रागावून गेला, पण मला वाईट वाटलं नाही.

चाचांनी अंगठा उठवला, मी सही केली, त्यांनी सनद टोपीत ठेवली. जेवायला घरी चला म्हणालो. म्हणाले, "मोटार निघंल सदरसाब." आणि गेले.

सनद दिली, आजी. पण हाक परत मिळाली नाही.

तुझा
बद्रीनाथ

---

देवगाव रंगारी,
माघ शुद्ध ५

चि. बद्रीनाथास आशीर्वाद.

तुझं पत्र मास्तरांनी आधी मनात वाचलं, मग मला विचारलं, हे मोठ्यानं वाचू का? इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी म्हणलं, वाचा. नूरमोहम्मद ओट्यावरच होता. चहा पीत होता, तेवढं तुला कळवते.

तू काही गोष्टी गाळल्यास. गयाससाहेबाला मातीतून उठता येईना, तेव्हा तू त्याला हात द्यायला गेलास आन् स्वतःच त्याच्या शेजारी बसून खिडकीतून बघितलंस, हे नाय लिहिलंस. तुझी पांढरी विजार मागून कशी झाली होती, हेही नाय. नूरमोहम्मदनं ते उठून, बसून, करून दाखवलं. सरूबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं हसून.

सनद त्यानं मास्तरांकडून तीनदा वाचून घेतली. उर्दू आहे, मास्तर अडखळले. त्यानं नाव आलं तिथं बोट ठेवून बघितलं आन् म्हणाला, एवढंसं आहे व्हय माझं नाव? मग गारखेड्याच्या कामावर जाऊन आला. तिथं आधी फक्की टाकून घरधनिणीला फिरवलं म्हणे. तिनं न्हाणीघर हलवलं. घरधनी कपाळाला हात लावून बसलाय. हे तुझ्या अंजुमनचं पाप, त्याचा हिशोब तू दे.

माझं स्वयंपाकघर झालं. भिंती वर गेल्या, छप्पर चढलं. खिडकी जमिनीपासून हातभर वर आहे, ओटा नाय. धुरासाठी तुझ्याच कागदातलं वरचं भोक ठेवलंय. ते नूरमोहम्मदला आवडलं. म्हणाला, हे बद्रीनं चांगलं काढलं.

व्हय, बद्रीनं म्हणाला. मास्तर, हे नीट लिवा.

आता राहिला उंबरा. परवा त्यानं चुना मळायच्या घाण्यावरून चुना आणला, दारात पसरला आन् उजवा पंजा उठवला. मी बघते तर पंजा मधोमध नाय, एका कडेला. मी म्हणलं, नूरमोहम्मद, हात म्हातारा झाला का? नेम चुकला का?

म्हणाला, "भाबी, भिंत माझी, पण कागद त्याचा होता. चुकला तरी त्याचाच होता. अर्धी जागा सोडलीय."

चुन्यावर ओलं पोतं घालून ठेवलंय. रोज सकाळ-संध्याकाळ तो येऊन पाणी शिंपतो आन् गुपचूप जातो. गुरुवारपर्यंत टिकंल म्हणतो, त्यापुढं चुना कुणाचं ऐकत नाय. तर गुरुवारच्या मोटारीनं ये. सभा-बिभा असंल तर गयाससाहेबाला सांग, आजीनं बोलावलंय. त्यालाही आण हवं तर, चुलीपुढं बसायची त्याला आता सवय आहे.

मी खिडकीशी बसलेली असेन. तू उतरलास की भाकरी टाकते. नाय उतरलास तर आम्ही उंबरा बसवून टाकू, आन् मग त्या मोकळ्या जागेवर जन्मभर पाय देत मी आत-बाहेर करीन, तुझं नाव घेत.

मास्तर विचारतायत, खाली काय लिहू? काय नको. कागद इकडं आणा. माझ्या अंगठ्याला चुनाच लागलाय, उठंल तसा उठू द्या.